एका नंबरला एकच

"आई, एका घरातली दोन मुलं एकाच दिवशी शाळेत आली नाहीत, तर गैरहजेरीचे मेसेज किती जातात? एक की दोन?"

हा प्रश्न माझा नव्हता. टाचणी आणि ढोलकी या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात मारला होता. ढोलकी म्हणाली होती, "हिंमत असेल तर आजच्या आज विचारायचं. आणि विचारताना हसायचं नाही." हिंमतीचं म्हणाल तर ती मला हल्ली जरा उतूच चाललीय. गेल्या महिन्यात अख्ख्या शाळेसमोर माइकवर पाच मिनिटं बोलले, पाय लटपटले नाहीत, आणि तेव्हापासून मला कुणालाही काहीही विचारता येतं. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी, आई सूप ढवळत असताना, मी ओट्याला टेकून तो प्रश्न फेकला.

"दोन," आई म्हणाली. "दोन मुलं, दोन मेसेज. हे काय विचारणं झालं?"

मग तिचा डाव थांबला. सूप ढवळायचं राहिलं आणि कडेने बुडबुडे यायला लागले.

"नाही गं," ती हळूच म्हणाली. "एक. एकच जातो."

तिने गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि बसली. आई उभ्याउभ्या सगळं करणारी बाई आहे. ती बसली म्हणजे काहीतरी झालं, एवढं मला कळलं.

आईचं काम काय हे आधी सांगते. आमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत, मिळून चार हजार मुलं. सकाळी साडेदहाला हजेरी बंद होते. दहा पन्नासला, कुणी बटण न दाबता, जी मुलं आली नाहीत त्यांच्या घरी मेसेज जातो: आपला पाल्य आज गैरहजर आहे. हे पडद्यामागचं काम. शाळेच्या वेबसाइटवर तुम्हाला दिसतात ती चित्रं आणि निकाल दाढीकाका करतात. ते आईच्या कचेरीतले दुसरे. न दिसणारं सगळं आईकडे. ते चालतं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग वगैरे काही नाही, आई म्हणते, कुठल्यातरी दूरच्या इमारतीतले भाड्याचे कॉम्प्युटर. तिथे एक वेळापत्रक असतं. वेळ झाली की ते काम रांगेत टाकतं, आणि रिकामा असलेला कामगार, म्हणजे तिथला प्रोग्रामच, ते उचलतो.

यात एक गोम आहे. ते क्लाउडवाले वचन देतात की तुमचं काम 'किमान एकदा' नक्की होईल. किमान एकदा. म्हणजे दोनदाही होऊ शकतं, तीनदाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, "हे तर तुझ्या ओरडण्यासारखं झालं." आई तेव्हा हसली होती. ते दीड वर्षापूर्वीचं. त्यानंतर एका सोमवारी कामगाराने सगळे मेसेज पाठवले आणि 'झालं' अशी खूण करायच्या आतच तो बंद पडला. रांगेला वाटलं, काम राहिलंय. दुसऱ्याने उचललं. तोही तसाच पडला. मग तिसऱ्याने. एकशे ऐंशी घरांना तीन-तीन मेसेज. एक आजोबा तीन वेळा शाळेत येऊन गेले, कारण त्यांना वाटलं की नात सापडते आणि पुन्हा पळते.

तेव्हा आईने एक ओळ घातली: एका नंबरला एका दिवशी एकच मेसेज. दुसरा आला की गिळून टाकायचा.

पण नंबर असतो आईचा नाहीतर बाबांचा. भावंडांचा नंबर एकच.

"दीड वर्ष," आई स्टुलावरून म्हणाली. "दीड वर्ष मी दुसरं मूल गिळतेय."

"मूल नाही, मेसेज," मी म्हटलं.

"तेच ते."

तेवढ्यात बाबा आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे घरी येतात तेव्हा त्यांच्या बाह्यांना वंगणाचा वास असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोण अडकलंय?" आज आईने हात वर केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "माझं बरंय बाई. लिफ्ट अडकली की आतली माणसं ओरडतात. तुझं अडकलं तर कुणी हाकसुद्धा मारत नाही."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस का?"

"नाही, सूप मिळावं म्हणून."

आई हसली नाही. आणि आता शनिवारचं सांगायला हवं, कारण सगळं अडलं होतं ते शनिवारावर. शनिवारी सकाळी आम्ही तिघं दहा दिवसांसाठी तळ्याकाठच्या एका लाकडी घरी जाणार होतो. आईला तीन वर्षांत सलग दोन दिवस सुट्टी मिळालेली नाही. मिळाली नाही म्हणजे संस्थेने दिली नाही असं नाही, तिनेच घेतली नाही. रोज दहा पन्नासला ती जिथे असेल तिथे फोन काढून बघते, मेसेज सुटले का, किती सुटले. दाताच्या डॉक्टरांकडे, तोंडात नळी असताना, तिने बघितलंय. रविवारी शाळा नसते तरी दहा पन्नासला तिची मान घड्याळाकडे वळते. डावा खांदा वर जात नाही म्हणून ती हल्ली केस उजव्या हातानेच विंचरते. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या जागी एकच शब्द लिहिला होता: विश्रांती. आणि त्याच्याखाली दोन रेघा.

दाढीकाकांनी कबूल केलं होतं की दहा दिवस ते लक्ष ठेवतील. फक्त लक्ष. आईच्या कामाला हात लावायचा नाही असं दोघांत ठरलेलं.

जेवणानंतर आईने त्यांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज नेहमी दाढीतून गाळून आल्यासारखा येतो.

"ताई, दीड वर्षात कुणाची तक्रार आली?"

"जो मेसेज गेलाच नाही त्याची तक्रार कोण करणार?"

"बरं, मग बदला. एक ओळ तर आहे."

"आज बुधवार. उद्या लिहीन, परवा क्लाउडवर चढवीन. परवा शुक्रवार."

शुक्रवारी काहीही बदलायचं नाही, हा त्यांच्या कचेरीतला नियम. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा धडा उघडत नाहीत, तसंच. बदललेलं बिघडलं तर निस्तरायला माणूस जागेवर हवं.

"यादीत खोटी मुलं घालून त्यांच्यावर चालवून बघा की," दाढीकाका म्हणाले.

"मागच्या वेळीही खोट्या मुलांवर सगळं छान चाललं होतं." आईने डोळे मिटले. "बिघडलं ते खऱ्यांवर."

"ऐका माझं. जाऊन या. आल्यावर बघू. दहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

फोन ठेवून आईने माझ्याकडे बघितलं. "तुला हे सुचलं कसं? कुणी विचारायला सांगितलं?"

आता इथे मी खोटं बोलले. "असंच. गणिताच्या तासाला एक कोडं होतं, भावंडांचं. त्यावरून आलं डोक्यात."

"म्हणजे असं प्रत्यक्षात झालेलं नाही?"

"मला काय माहीत!"

तिचा चेहरा इतका सैल पडला की मला माझ्या खोट्याचा अभिमानच वाटला. ती उठली, आत गेली, आणि बॅगेत टॉवेल भरायचा आवाज आला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून निकाल जाहीर केला. "एक! एकच जातो! मी हसले नाही! पैज जिंकले!"

ढोलकीने टाळ्या पिटल्या. तिचं नाव ढोलकी पडलंय कारण ती हसली की दोन वर्ग पलीकडे कळतं. "म्हणजे माझा भाऊ आजारी पडला की मी मोकाट! त्याला आजच थंड पाण्याने आंघोळ घालते."

टाचणी मात्र हसली नाही. टाचणी बारीक आहे आणि बोलते टोचून, पण आज तिने नुसता श्वास सोडला. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. नक्की कळलं, बरं झालं."

"काय बरोबर आहे?"

"अगं, सात वेळा झालंय ते."

ढोलकीला कुणीतरी हाक मारली म्हणून ती पळाली, आणि टाचणीने मला सगळं सांगितलं, बुटाची नाडी सोडत आणि बांधत. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. सकाळी सातला जाते, तीनला सुटते, मधे सुट्टी मागितली तर पाळी दुसरीला देतात. टाचणीची धाकटी बहीण सहा वर्षांची, सारखी आजारी. ती घरी राहिली की तिला शेजारच्या काकांकडे ठेवतात. काका टीव्ही लावतात आणि टीव्ही बघायच्या आधी झोपतात. म्हणून टाचणी दप्तर घेऊन निघते, कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. आईला मेसेज जातो धाकटीचा, जो तिला माहीतच असतो. टाचणीचा जातच नाही. आईला वाटतं, थोरली शाळेत आहे.

"मग तुझ्या आईला सांग ना!"

"सांगितलं तर ती कामावर जाणार नाही. एकदा नाही गेली, दोनदा नाही गेली, मग?" तिने नाडी गच्च ओढली. "चाललंय ना ठीक. फक्त मागच्या वेळी जरा हे झालं."

"काय झालं?"

"ताप चढला तिला. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. दोन मिनिटं असेल. मला वाटलं…" तिने नाडी पुन्हा सोडली. "मग झोपली ती. उठल्यावर बिस्किट मागितलं."

"फोन केलास कुणाला?"

टाचणीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सगळ्यात सोपं गणित चुकले होते. "मी कशी करणार? मी शाळेत होते ना!"

घंटा झाली. उरलेले तास माझ्या कानावरून गेले. मी नेहमी हात वर करते. त्या दिवशी बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मला समोर एकच दिसत होतं: सहा वर्षांची मुलगी ताठ झालेली, आणि शेजारी बसलेली एक मुलगी जी तिथे नव्हतीच, कारण माझ्या आईच्या एका ओळीने तिला गिळलं होतं.

सांगितलं तर सुट्टी गेली. आईला मी ओळखते. न सांगितलं तर आई तळ्याकाठी खुर्चीत बसणार, आणि इथे धाकटीला पुन्हा ताप येणार. मी बसमधून घरी येईपर्यंत सात वेळा ठरवलं आणि सात वेळा मोडलं.

संध्याकाळी आई जमिनीवर बसून बॅग भरत होती. गडद निळा पोहण्याचा पोशाख, मी लहान असल्यापासून न वापरलेला, तिने सर्वात वर ठेवला होता.

"आई, ते कोडं नव्हतं," मी म्हटलं.

सगळं सांगितलं. टाचणी, धाकटी, काका, सात वेळा, दोन मिनिटं. शेवटी आईने विचारलं, "सात वेळा? तारखा माहीत आहेत तिला?" आणि मग, "नको, राहू दे. मला यादीत दिसतील."

तिने निळा पोशाख उचलला, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला. मग टॉवेल. मग बाबांचा स्वेटर. रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमलेल्या हातांनी एकेक वस्तू परत जागेवर ठेवत होती, रोजची भांडी लावतात तशी. डावा हात वर जात नव्हता म्हणून वरच्या कप्प्यासाठी स्टुलावर चढली.

बाबा दारात उभे होते. "अगं, थांब जरा."

"कशासाठी? मी तिथे बसून काय करणार? अकरा वाजले की वाटत राहील, आज कुठलं गिळलं."

"सुट्टीनंतर दुरुस्त कर."

"आणि मधल्या दहा दिवसांत?"

"मग उद्या दुरुस्त कर."

"उद्या शुक्रवार आहे!" आई एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. मग तीच दचकली. "ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात रे. ती बरोबर बदलली का, हे कळायला आठवडा लागतो. तेवढा आठवडा माणसाने बघत बसायचं असतं. ते माणूस मी. दुसरं आहे कोण?"

बाबांनी रिकामी बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली नाही, भिंतीला टेकवून ठेवली. एवढंच त्यांना करता आलं.

मी पलंगावर पडून त्या शेवटच्या वाक्याचा विचार करत राहिले. माणसाने बघत बसायचं असतं. बघत बसायला प्रोग्राम यावा लागतो का? दुसरा मेसेज गिळला जातो, पण गैरहजर मुलांची यादी तर पूर्ण असते. ती रोज छापून शाळेच्या कचेरीत जाते, कारण कारकूनबाईंचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नाही.

शुक्रवारी शाळा भरायच्या आधी मी कचेरीत गेले. कारकूनबाई तीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाने, मुलं म्हणतात, नको ते सगळं ऐकू येतं.

"बाई, गैरहजेरीच्या यादीत एकच फोन नंबर दोनदा आला, तर दुसऱ्या मुलासाठी तुम्ही घरी फोन कराल का? दहा दिवस फक्त."

"का?"

मी का ते सांगितलं. टाचणीचं नाव घेतलं नाही. आईची चूक मात्र सांगितली, कारण ती लपवली तर बाकीचं कळलंच नसतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीन शाळा, दीड-दोनशे नंबर. दहा-दहा आकडे. माझे डोळे आता सहा आणि आठ सारखेच बघतात. कुणीतरी शेजारी बसून मोठ्याने वाचायला हवं, म्हणजे मी खुणा करीन. अकरा वाजून दहा मिनिटांनी, रोज. आहे कुणी?"

"दाढीकाका?"

"तो ओठातल्या ओठात बोलतो. मला खणखणीत आवाज पाहिजे."

आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं.

त्यांनी खणातून एक लांब पुठ्ठा काढला आणि जुन्या यादीवर ठेवला. नावं झाकली गेली, नुसते नंबर उरले. "कुणाचं मूल ते तुला कळायचं कारण नाही. वाच."

मी वाचलं. अडीच पानं, न चुकता. एक नंबर दोनदा आला. बाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. "हा. ऐकू आला बघ. मुख्याध्यापकबाईंना मी सांगते. पण मधली सुट्टी जाईल हो तुझी."

जाणार होतं त्याहून जास्त. मला पोहता येतं, आईला येतं, आणि तिचा खांदा मोकळा झाला की आम्ही दोघींनी मिळून ते तळं पार करायचं ठरवलं होतं. बाबा नावेतून शिट्टी वाजवत मागे येणार होते.

मग टाचणीला गाठलं. म्हटलं, "सोमवारपासून फोन जाईल. तुझ्या आईला. मशीनचा नाही, बाईंचा."

ती आधी पांढरी पडली, मग लाल. "तुला पैजेसाठी विचारायला सांगितलं होतं. दुरुस्त करायला नाही."

"माहितेय."

"चोंबडी आहेस तू."

"तेही माहितेय. पण पुन्हा ताप चढला तर तू फोन करायचास. मी शाळेत नाहीये, असं सांगून करायचास."

तिने दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दिवसभर बोलली नाही. सुटताना ढोलकीकरवी निरोप पाठवला: आजच संध्याकाळी ती स्वतःच आईला सांगणार आहे, आणि मी मेले तरी तिला चालेल. ढोलकीने हे दोन्ही निरोप एकाच आवाजात दिले.

घरी आई लॅपटॉपसमोर होती. बदललेली ओळ तयार होती, चढवलेली नव्हती. सोमवारी चढवणार म्हणाली. तळ्याकाठच्या घराच्या मालकिणीला फोन करून येत नाही असं कळवायचं राहिलंय, तेवढं बाबांनी करावं. बाबा फोन हातात घेऊन, नंबर न लावता, खिडकीशी उभे होते.

मी बूट न काढता आत गेले. माझा आवाज आधी जरा चिरकला, मग जागेवर आला.

"बाबा, तो फोन ठेवा. आई, ती ओळ तू परत आल्यावर चढव. तोवर कारकूनबाई रोज यादी बघणार आहेत, आणि एक नंबर दोनदा आला तर घरी फोन करणार आहेत. मुख्याध्यापकबाई हो म्हणाल्यात. नंबर मोठ्याने वाचायला त्यांना माणूस लागतं, ते माणूस मी आहे. मी आत्याकडे राहीन, तिला विचारलंय. मी ठरवलंय, मी येत नाही. उद्या तुम्ही दोघंच जायचं."